घोड्याचा पाय आणि नालबंदाची जागा

लग्नसराईच्या दिवसांत नाशिकच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या वरातींत नवरदेवाला पाठीवर घेऊन संथपणे चालणारी घोडी दिसली, की तिच्या कपाळावरची झालर, गळ्यातील घुंगुरमाळ आणि पाठीवरची जरीची झूल यांवरून बघ्यांची दृष्टी कौतुकाने फिरते. परंतु ज्या चार खुरांवर हा सारा थाट उभा असतो त्यांच्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही, आणि घोडी उघडउघड लंगडू लागेपर्यंत ती जाण्याचे कारणही कोणास वाटत नाही. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी शहरात चालू आहे. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम यांचे आराखडे सरकारी दप्तरांतून फिरत आहेत. आणि या पर्वकाळात आखाड्यांच्या मिरवणुकांतून घोडे चालणार, हेही परंपरेने ठरलेलेच आहे. अशा वेळी या मुक्या प्राण्यांच्या पायांचा प्रश्न सार्वजनिक विचाराच्या कक्षेत आणणे मला अगत्याचे वाटते, कारण घोड्याच्या खुरात जो बिघाड होतो तो एका दिवसात होत नाही, आणि एकदा झाला म्हणजे कोणत्याही औषधाने मागे फिरत नाही.

बाहेरून पाहणाऱ्यास घोड्याचा खूर एकसंध आणि निर्जीव भासतो. वस्तुतः त्या कठीण कवचाच्या आत एक हाड असते, आणि त्या हाडाच्या मागच्या दोन टोकांपासून वर आणि मागे पसरत गेलेल्या, दोन्ही बाजूंस एकेक अशा, दोन कूर्चा असतात. त्यांचा वरचा काठ कवचाच्या बाहेर डोकावतो. टाचेच्या वर, जेथे केस संपून खूर सुरू होतो तेथे, अंगठ्याने दाबून पाहिले तर निरोगी घोड्याची ही कूर्चा आपल्या कानाच्या वरच्या भागाप्रमाणे लवते आणि बोट काढताच पूर्ववत होते. घोड्याचे पाऊल जमिनीवर पडते तेव्हा टाचा किंचित फाकतात, तळव्याच्या मधली त्रिकोणी मऊ गादी दबते, दोन्ही कूर्चा बाहेरच्या अंगास झुकतात, आणि त्यांच्या आतून व भोवतालून गेलेल्या नीलांच्या जाळ्यातील रक्त वर ढकलले जाते. पाऊल उचलताच सारे पुन्हा आपापल्या जागी येते. धक्का नेमका किती प्रमाणात या फाकण्याने पचतो आणि किती रक्ताच्या प्रवाहाने, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट बोकर यांनी रक्तप्रवाहाच्या बाजूने मांडलेला विचार या क्षेत्रात बराच चर्चिला गेला आहे; पण कूर्चा लवचीक असणे हे घोड्याच्या सुखाचे लक्षण होय, एवढ्याबद्दल मात्र दुमत नाही. पुढच्या दोन पायांवर घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग असतो, म्हणून आघाताचा मोठा वाटाही पुढच्या खुरांच्याच पदरी येतो.

वय वाढत जाते, अंगावरचे ओझे थोर असते, जमीन कठीण असते, नाल वाकडा बसवलेला असतो, आणि काही वंशांत तर ती प्रवृत्ती जन्मजातच असते. अशा अनेक कारणांनी ही मऊ कूर्चा हळूहळू हाडात रूपांतरित होऊ लागते. खुरातील हाडापासून आरंभ करून हा बदल वर वर सरकत जातो, आणि कालांतराने अंगठ्याखाली लवणाऱ्या पदार्थाऐवजी ताठर कडा लागते. इंग्रजी पशुवैद्यकात याला साइडबोन म्हणतात. आपण त्याला कूर्चेचे अस्थीभवन म्हणू. युरोपातील अवजड ओझी ओढणाऱ्या जातिवंत घोड्यांत ते फार आढळते, आणि बहुधा पुढच्याच खुरांत.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे भाग आहे. कूर्चा कठीण झाली म्हणजे घोडा लंगडतोच असे नाही. कित्येक घोडे या बदलासह आयुष्यभर विनातक्रार काम करतात, आणि कित्येकदा लंगडण्याचे खरे कारण निराळेच असते: तळव्यात रुतलेला खिळा, कवचाच्या आत साचलेला पू, चुकीच्या जागी ठोकलेली नालेची चूक, टाचेजवळच्या लहान हाडाचा किंवा त्याला बांधून ठेवणाऱ्या स्नायुबंधाचा विकार. हाडासारखी झालेली कूर्चा मोडते तेव्हा, किंवा ती शेजारच्या बंधांना ताण देते तेव्हा, ती स्वतः वेदनेचे कारण बनते. म्हणून अनुभवी पशुवैद्य खुराचा एकेक भाग औषधाने बधिर करून, घोडा पुन्हा चालवून, वेदना नेमकी कोठे उगम पावते ते शोधतो, आणि मग एक्स-रे काढून त्याचा ताळा पाहतो. लंगडा घोडा दिसला की खांद्यावर वा गुडघ्यावर डाग देण्याची जी रीत आपल्या खेड्यांतून अद्यापि आढळते, तिच्यात हा शोध मुळीच नसतो. जनावराला आणखी एक यातना मात्र मिळते, आणि ती त्याच्या मूळ दुखण्यापासून हातभर दूर असते.

गेल्या लग्नसराईत अशोक स्तंभाकडून त्र्यंबक नाक्याकडे जाणाऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर एक वरात थांबलेली होती. बँड वाजत होता, पोरे नाचत होती, आणि घोडी एका जागी उभी असताना डावा पुढचा पाय सारखा पुढे काढून ठेवीत होती. पुढे निघाल्यावर तिची मान ठरावीक तालात वर-खाली होऊ लागली: डावा पाय टेकला की मान वर उचलली जाई, उजवा टेकला की खाली येई. ज्याला घोड्याची थोडी पारख आहे त्याला हे लक्षण सांगावे लागत नाही. दुखऱ्या पायावर भार पडू नये म्हणून जनावर डोके वर घेते, आणि मानेची ही हालचाल अवघ्या मिरवणुकीसमोर चालू असूनही तिचा अर्थ कोणी वाचीत नाही. वरात संपल्यावर मी घोडीवाल्यास विनंती केली आणि त्याने खळखळ न करता पाय उचलून दाखवला. पुढचे टोक लांब वाढलेले, टाच खचलेली, नाल खुराहून लहान, त्यामुळे टाचेचे दोन्ही कोपरे नालेच्या बाहेर लोंबत असलेले, आणि बाहेरच्या बाजूची कूर्चा अंगठ्याला दगडी लागणारी. विचारले तेव्हा तो म्हणाला, "आमचे नालवाले चाचा होते तोवर ठीक होतं, साहेब. त्यांचा पोरगा आता मोटारीच्या गॅरेजात लागलाय. नाल सुटला की कोणाकडून तरी ठोकून घेतो." त्या माणसाच्या बोलण्यात निष्काळजीपणा नव्हता, घोडीच्या मानेवरून फिरणारा त्याचा हात पाहिल्यावर तर तसा आरोप करणे अन्यायाचे झाले असते. त्याच्याजवळ नालबंद नव्हता, आणि नालबंद नसणे हा एकट्याचा दोष नसून साऱ्या नगराचा आहे.

घोड्याच्या खुराचे कवच महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते, आणि मुळापासून पुढच्या टोकापर्यंत सारे कवच नवे होण्यास जवळजवळ वर्ष लागते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढलेले कवच तासून, कानशीने समतल करून, पुन्हा मापाचा नाल बसवणे ही काही चैन नव्हे, ती नित्याची गरज आहे. हे काम चुकले तर खुराचा तोल बिघडतो, आघात एका बाजूवर पडतो, आणि वर्षानुवर्षे पडत राहतो. कूर्चेवर त्याचा परिणाम दिसू लागेपर्यंत त्याची तक्रार करण्याची वेळ निघून गेलेली असते. सिमेंट किंवा डांबराच्या रस्त्यावर हे नुकसान अधिक वेगाने होते, कारण त्या पृष्ठभागावर धक्का जमीन सोसत नाही आणि गुळगुळीत झालेला नाल घसरतो. माथेरानमध्ये, जेथे मोटारींना बंदी आहे आणि घोडा हे प्रवाशांचे एक प्रमुख वाहन आहे, तेथे रस्त्यांवर क्ले पेव्हर बसवण्याच्या योजनेस घोडेवाल्यांनी घोडे घसरतात म्हणून विरोध केला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोड्याच्या पायाखाली काय अंथरावे हा प्रश्न तेवढ्या उंचीपर्यंत नेता येतो, ही गोष्ट नाशिकच्या नियोजनकारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या पूर्वजांना ही गरज नीट ठाऊक होती. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे स्पष्ट परिमाण सांगितलेले आहे. पाणी आणि पाय या दोन्ही गोष्टींची तरतूद दरबाराने केलेली असे. ती शिपायाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. शिलेदारांना मोहिमेवर निघण्यापूर्वी जी आगाऊ रक्कम मिळे तीही नालबंदी या नावानेच दप्तरात नोंदली जाई. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई तेव्हा घोड्यांसाठी दाणा, वैरण आणि औषधे यांचा साठा तयार ठेवावा, असा दंडक होता, आणि दसऱ्यास घोडी ताजीतवानी होऊन बाहेर पडत. हा सारा शहाणपणा सैन्याच्या हितासाठी होता हे खरे. तथापि त्याचा लाभ मुक्या जनावरालाही मिळत होता, आणि आज त्याच जनावराच्या पाठीवर आपण आपली मंगलकार्ये साजरी करतो तेव्हा तो लाभ त्याला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा, ज्याच्या बळावर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, त्याला अलीकडे देशाच्या अधिकृत नोंदीत स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तिच्यामागे ज्यांनी परिश्रम केले त्यांचे ऋण मानावे तितके थोडे. परंतु जातीची नोंद झाली म्हणजे जातीचे रक्षण झाले, असे होत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३ लाख ४० हजारांवर आलेली दिसते, आणि २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेली आहे. घोडे कमी झाले म्हणजे त्यांच्यावर उपजीविका करणारे नालबंद, मोतद्दार, जिनगर हेही कमी होणार, आणि ते कमी झाले म्हणजे उरलेल्या घोड्यांची दुर्दशा वाढणार. हे चक्र आपोआप थांबत नाही. नाशिक शहराने ते जवळून पाहिलेले आहे. नाशिक रोड स्थानकापासून गावात येणारी ट्राम १८८९ साली सुरू झाली तेव्हा तिचे डबे घोडे ओढीत होते. पुढे तेथे यंत्र आले, ट्राम बंद पडली, रिक्षांनी टांगे संपवले, आणि टांग्याबरोबर टांगेवाल्याच्या गल्लीतील ऐरण व भाता हीही नाहीशी झाली. घोडा मात्र पूर्णपणे गेला नाही. तो वरातीत उरला, यात्रेत उरला, मिरवणुकीत उरला, आणि त्याची देखभाल करणारी साखळी तुटलेली असताना उरला.

घोड्यांना सार्वजनिक कामातून मुक्त करावे, असा विचार मांडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्यांविरुद्ध जी न्यायालयीन लढाई झाली, तिच्या अखेरीस २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. त्या गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांचे हाल ज्यांनी पाहिले त्यांना तो निर्णय न्याय्य वाटला यात नवल नाही. तरीही बंदीचा मार्ग सर्वत्र आणि तत्काळ योग्य ठरेलच असे मी म्हणणार नाही. बंदीनंतर घोड्याचे काय होते, तो कोणाच्या दारी जातो, त्याला दाणा कोण घालतो, या प्रश्नांची उत्तरे हुकूमनाम्यात नसतात. सारंगखेड्याच्या यात्रेत, जी दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरते, आणि आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या घोडेबाजारात जी उलाढाल होते, ती पाहता घोडा या प्रदेशातून नजीकच्या काळात जाणार नाही. जो जाणार नाही त्याच्या पायाची काळजी घेणे हा व्यवहाराचाच भाग आहे.

कायदा आहे, तो पुरेसा नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये रोग, जखम किंवा अशक्तपणा यांमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावरास कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांस दिवसातून नऊ तासांपेक्षा अधिक, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवू नये, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेव्हा दुपारी बारा ते तीन या वेळात काम घेऊ नये, असेही म्हटले आहे. नाशिकचा वैशाख ज्याने अनुभवला आहे त्याला या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व समजावून देणे नको. परंतु पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड ठेवणारा हा अधिनियम साठ वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्याची अंमलबजावणी करणारा माणूस घोड्याचा पाय उचलून पाहण्यास शिकलेला नसतो. कायद्याचा डोळा उघड्या जखमेवर जातो. कूर्चेतील कडकपणा जखमेसारखा दिसत नाही. तो बोटांना समजतो, आणि बोटे कोणाची तरी तयार करावी लागतात.

म्हणून माझे मागणे नालबंदाविषयी आहे. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने आणि महानगरपालिकेने मिळून या व्यवसायास मान्यता द्यावी, त्याला शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण द्यावे, आणि प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला तालुक्याच्या ठिकाणी निश्चित कामाची हमी द्यावी. मेरठच्या लष्करी रिमाउंट केंद्रात अशा शिक्षणाची परंपरा आहे. ब्रुक या संस्थेने काम करणाऱ्या घोडे व खेचरांसाठी देशातील ठिकठिकाणच्या नालबंदांना शिकवल्याची उदाहरणेही आहेत. आणि आपल्या शहरात, डॉ. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेल्या भोंसला सैनिकी विद्यालयात अश्वारोहण शिकवले जाते, तसेच महाराष्ट्र पोलीस अकादमीतही घोड्यांचा अनुभव असलेली माणसे आहेत. त्यांचे साह्य मिळवणे अवघड नसावे. गॅरेजात लागलेल्या त्या पोराला बापाचा व्यवसाय पुन्हा करावासा वाटेल, इतके वेतन त्यात असले पाहिजे. नाहीतर प्रशिक्षणाचे दाखले भिंतीवर टांगलेले राहतील.

दुसरे असे, की वरातीच्या आणि मिरवणुकीच्या घोड्यांना परवाना देताना खुराची तपासणी सक्तीची व्हावी. तपासणी म्हणजे केवळ शिक्का नव्हे: पाय उचलणे, टाचेवर अंगठा दाबून कूर्चा लवते की नाही ते पाहणे, नालेचा आकार व खिळ्यांची जागा पाहणे, सरळ रेषेत आणि वळणावर घोडा चालवून मानेची हालचाल पाहणे. प्रशिक्षित माणसाला यास काही मिनिटे पुरतात. शंका आली तरच पशुवैद्याकडे पाठवावे, आणि लंगडा आढळलेला घोडा दंडासाठी नव्हे तर उपचारासाठी थांबवावा, म्हणजे मालक तो लपवणार नाही. यासाठीचा खर्च घोडीवाल्याच्या अंगावर टाकू नये; तो आधीच हंगामी कमाईवर वर्ष काढणारा माणूस आहे, आणि वरातीचा थाट ज्यांना हवा आहे त्यांच्याकडून थोडेसे शुल्क घेण्यात कोणाचे नुकसान नाही.

सिंहस्थाच्या काळात तर याची निकड फार मोठी आहे. गोदाघाटाच्या व पंचवटीच्या दगडी आणि सिमेंटच्या वाटांवरून, लाखोंच्या गर्दीत, वाद्यांच्या गजरात घोडे चालवावयाचे, तर त्यांच्या मार्गावर मातीचा किंवा वाळूचा थर असावा, त्यांच्या थांबण्याच्या जागी सावली व पाणी असावे, आणि प्रत्येक तळावर एक नालबंद साहित्यासह हजर असावा. पंचवीस घोड्यांमागे एक हे सभासदाचे प्रमाण आजही अशक्य कोटीतले नाही. आखाड्यांबरोबर पुढील महिन्यांत ज्या बैठका होतील, त्यांच्या कार्यसूचीत घोड्यांची संख्या, त्यांचे मुक्काम आणि नालबंदांची नेमणूक या बाबी आताच घातल्या, तर जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यास प्रशिक्षणासाठी माणसे निवडण्यास पुरेसा अवधी मिळेल.